लज्जेने वाढणारा विकार

देहाचे काही विकार असे असतात की, पुरुष त्यांची वाच्यता पत्नीजवळही करीत नाही. जांघेतील व गुह्यांगावरील खाज हा त्यांपैकी एक होय. ती वरचेवर उलटते, मनुष्य मौन धरतो आणि घरात नाहक संशय शिरतो. म्हणून आम्ही आरंभीच सांगतो: अशी प्रत्येक खाज दुराचाराचे फळ नव्हे. बहुधा तिचे मूळ घाम, ओल आणि घर्षण यांत असते.

पावसाळ्यात दिवसभर ओल्या वस्त्रांनिशी शेतात राबणाऱ्याच्या जांघेत उठावदार कडेचा, पसरत जाणारा चट्टा येतो. हे गजकर्ण, त्याचे कारण बुरशी. पायाच्या बोटांच्या बेचक्यांतून, दुसऱ्याच्या पंचातून किंवा घरातील बाधित माणसाकडून ती पुन्हा पुन्हा परतते. अग्रत्वचेखाली लाली, आग व पांढरा थर दिसल्यास तीही पुष्कळदा बुरशीच असते. ती वारंवार होत असेल, तर रक्तातील साखर अवश्य तपासून घ्यावी. कित्येकांचा मधुमेह प्रथम याच खुणेने उघडकीस येतो. उलट, काहींची कातडी उग्र साबणाने व जंतुनाशक द्रवानेच पोळते.

उपाय साधे आहेत. तो भाग रोज साध्या पाण्याने धुवावा. अग्रत्वचा सहज मागे सरत असल्यास सारून धुवावी, कोरडी करावी आणि पुन्हा पुढे आणावी. वस्त्र सैल, सुती व रोज धुतलेले असावे; ते उन्हात वाळवावे. पंचा प्रत्येकाचा निराळा असावा. घरात आणखी कोणास खाज असल्यास सर्वांनी एकाच वेळी उपचार घ्यावेत.

दुकानातून मागून आणलेल्या मलमाविषयी मात्र सावध राहावे. त्यात स्टिरॉइड असल्यास खाज दोन दिवसांत शमते, परंतु बुरशी आत पसरते आणि कातडी पातळ होते. म्हणूनच 2018 साली केंद्र सरकारने अशा कित्येक मलमांच्या चिठ्ठीविना विक्रीस मनाई केली. डॉक्टरांनी दिलेले औषधही खाज थांबताच सोडू नये. सांगितलेली मुदत पुरी करावी.

जखम, फोड, पू, लघवीस अडथळा किंवा आठवडे लोटूनही न जाणारा डाग असल्यास विलंब करू नये. मागे सरलेली अग्रत्वचा पुढे येईनाशी झाली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. डोळे आले असता आपण ज्या मोकळेपणाने दवाखान्याची पायरी चढतो, त्याच मोकळेपणाने येथेही चढावी. आणि निघण्यापूर्वी पत्नीस खरे कारण सांगावे.