आता बरे आहेत ना, मग कशाला जायचं?

होस्टेलच्या रजेच्या रजिस्टरात 'कारण' नावाचा एक रकाना असतो. त्यात 'काका सिरियस' असं लिहिलं की लगेच सही मिळते. 'काका बरे होत आहेत, भेटायला जायचंय' असं लिहून बघा. "बरे आहेत ना, मग कशाला जायचं?" हा प्रश्न ठरलेला! यात एकट्या रेक्टरसरांना दोष देण्यात अर्थ नाही. हाच प्रश्न मला रूममेटने विचारला आणि गावाकडच्या नातेवाइकांनीही. माझं मत मात्र नेमकं उलटं आहे. आजारी माणसाला भेटायला जायची खरी गरज तो बरा होऊ लागल्यावर असते.

मी मांडव्याचा. आपल्यापैकी बऱ्याच जणांना मांडवा म्हणजे गेटवेहून लाँचने उतरून अलिबागची बस पकडायची जागा, एवढंच ठाऊक. आमच्यासाठी समोरची मुंबई म्हणजे मोठं हॉस्पिटल. पाण्यावरून अंतर साधारण १८ किलोमीटर, तासाभराचं. पेण-पनवेलमार्गे रस्त्याने गेलं तर ११० च्या आसपास, म्हणजे तीन-चार तास. गेटवेच्या लाँचेस पावसाळ्यात बंद असतात, आणि लेप्टोसारखा आजार येतो तो नेमका पावसाळ्यात. उंदरांच्या, गुरांच्या लघवीतून त्याचे जंतू साचलेल्या पाण्यात उतरतात आणि चिखलात काम करणाऱ्याच्या पायाच्या जखमेतून आत शिरतात. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईकरांनीही त्याची साथ पाहिली. शेतकऱ्याला तो लावणीतच गाठतो.

माझ्या काकांना असाच गाठला. आधी ताप, मग डोळे पिवळे, मग लघवी बंद. अलिबागहून थेट मुंबई, आयसीयू आणि डायलिसिस. पहिल्या आठवड्यात अर्धा गाव हॉस्पिटलच्या पायऱ्यांवर होता. काका शुद्धीवर नव्हते, आत कुणाला सोडत नव्हते, तरी माणसं येत होती. तिसऱ्या आठवड्यात काका वॉर्डात आले, बोलायला लागले, आणि येणारे थांबले. उरली फक्त काकी. १५ मार्च २०२० ला भाऊचा धक्का ते मांडवा अशी रोरो बोट सुरू झाली, ती पावसाळ्यातही चालते, म्हणून तिचं येणं-जाणं जमत होतं. पण हवा बिघडली की रोरोही रद्द. काका सकाळी उठल्यावर पहिला प्रश्न विचारायचे, "आज रोरो चालू आहे काय रं?" बोट लागली तर माणूस दिसणार, एवढाच त्याचा अर्थ!

बरं होणं हे कंटाळवाणं काम आहे, मित्रांनो. आयसीयूत दिवस काढलेल्या माणसाच्या मांड्यांतली ताकद जाते. ज्याने आयुष्यभर नांगर धरला त्याला संडासपर्यंत जायला दोघांचा आधार लागतो. तेव्हा बाजूला उभं राहून "आज कालच्यापेक्षा चार पावलं जास्त झाली" असं म्हणणारं कुणीतरी हवं असतं. हे काम सिस्टरने करावं म्हटलं तर तिच्या वॉर्डात आणखी कितीतरी पेशंट असतात.

अर्थात भेटायला जायचं तेही शहाण्यासारखं. सर्दी-खोकला असेल तर जाऊ नये. हात धुवावेत. पंधरा मिनिटं बसावं, आणि 'आमच्याकडे एकाला अस्संच झालं होतं, तो गेला' ही गोष्ट सांगू नये. आम्ही कोकणातली माणसं शहाळं घेतल्याशिवाय पेशंटकडे जात नाही. पण किडनी नीट चालत नसेल तर शहाळ्यातलं आणि केळ्यातलं पोटॅशियम हृदयाला घातक ठरू शकतं. डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही देऊ नये. त्यापेक्षा गावची बातमी न्यावी. कुणाची लावणी आटोपली, कुणाची म्हैस व्याली, हे काकांना कुठल्याही फळापेक्षा गोड लागलं.

आपण इंजिनिअरिंगची मुलं, पुरावा मागणारच. ब्राझीलमधल्या ३६ आयसीयूंमध्ये एक मोठा प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २०१९ साली प्रसिद्ध झाले. नातेवाइकांना दिवसाला १२ तासांपर्यंत थांबू दिलं, तर रुग्णांना होणारा भ्रम काही लक्षणीय कमी झाला नाही. पण संसर्गही तसा वाढला नाही, आणि नातेवाइकांची चिंता व नैराश्य मात्र स्पष्टपणे कमी दिसलं. म्हणजे भेट ही भेटायला जाणाऱ्याचीही गरज आहे. रूमवर जर्नल उघडं ठेवून दर दहा मिनिटांनी फोन बघणाऱ्या मुलाचा अभ्यास किती होतो, ते सरांनाही ठाऊक आहे.

म्हणून दोन मागण्या. एक, हॉस्पिटलांनी भेटीची वेळ ठरवताना खाडीपलीकडच्या, घाटावरच्या माणसाचाही विचार करावा. बोट वेळापत्रकाने सुटते, हवेने रद्द होते. तिकीट दाखवणाऱ्याला वेळेबाहेर पंधरा मिनिटं आत सोडलं तर वॉर्डाची शिस्त मोडणार नाही. दुसरी मागणी आपल्याच कॉलेजकडे. ७५ टक्के हजेरीचा नियम असू द्या, पण 'बरे होत आहेत' हेही रजेचं कारण धरा. डिस्चार्ज कार्डाची झेरॉक्स मागा, हवं तर घरी फोन करा, आमची हरकत नाही.

आणि मित्रांनो, तुमच्या ग्रुपवर 'गेट वेल सून' टाकून झालं असेल तर कॅलेंडर काढा. तीन आठवड्यांनंतरच्या एका शनिवारवर खूण करा. त्या दिवशी तिथे दुसरं कुणी असेलच असं नाही.