गणवेशाचा रंग शाळेचा, पेहराव विद्यार्थ्याच्या पसंतीचा

प्रति,
मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : गणवेशाचा प्रकार निवडण्याची मुभा विद्यार्थ्यांना देण्याबाबत

महोदय,

पेठ तालुक्यातील (जि. नाशिक) आम्ही पालक आणि माध्यमिक शाळेतील विद्यार्थी हे निवेदन सादर करीत आहोत. गणवेश नको, असे आमचे म्हणणे नाही. घरची परिस्थिती वर्गात कपड्यांवरून दिसू नये, हे आम्हालाही हवे आहे. मात्र शाळेचा रंग एक ठेवूनही कोणाला पँट-शर्ट, कोणाला सलवार-कमीज, कोणाला स्कर्ट अशी मोकळीक देता येते. ती द्यावी, एवढीच आमची मुख्य मागणी आहे.

मानव विकास कार्यक्रमातून शासन आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली देते, कारण शाळा लांब आहे म्हणून मुलीचे शिक्षण सुटू नये. त्याच मुलीवर स्कर्टची सक्ती झाली की चढावर तिचे अर्धे लक्ष रस्त्यावर आणि अर्धे कपडे सावरण्यात जाते. ओढणी सक्तीची असेल तिथे ती चाकात अडकण्याची भीती असते. पाळीच्या दिवसांत ही अडचण आणखी वाढते. खो-खोच्या तासाला चांगल्या धावणाऱ्या मुली कडेला बसून राहतात आणि आपण म्हणतो, त्यांना खेळाची आवड नाही. आमच्या भागात पावसाळ्यात धुतलेला कपडा वेळेवर वाळत नाही. ओल्या गणवेशात दिवसभर बसण्यापेक्षा त्या दिवशी साधे कपडे घालू द्यावेत.

केरळमधील वळयनचिरंगरा येथील सरकारी प्राथमिक शाळेने 2018 मध्ये मुला-मुलींसाठी सारखीच पाऊण पँट आणि शर्ट ठरवला. त्याचे आम्हाला कौतुक आहे. तरीही तोच पोशाख सर्वांवर लादावा, असे आम्ही म्हणत नाही. जिला सलवार-कमीजमध्ये बरे वाटते, तिला पँटची सक्ती करणे हीसुद्धा सक्तीच.

‘एक राज्य एक गणवेश’ योजनेचा अनुभव ताजा आहे. 2024-25 मध्ये मंत्रालयातून ठरलेला गणवेश अनेक शाळांत वेळेवर पोहोचला नाही आणि मापांच्या तक्रारी आल्या. शासनाने हा अधिकार शाळा व्यवस्थापन समित्यांकडे परत दिला, हे योग्यच झाले. या समितीत तीन चतुर्थांश पालक असतात. परंतु कपडे ज्यांनी अंगावर घालायचे, त्यांना अजूनही कोणी विचारत नाही. मुलांशी संबंधित बाबींत त्यांचे मत ऐकले जावे, हे तत्त्व असलेला बालहक्क करार भारताने 1992 मध्ये स्वीकारला आहे. म्हणून गणवेश ठरवण्याच्या बैठकीत मुला-मुलींचे म्हणणे ऐकून ते इतिवृत्तात नोंदवणे बंधनकारक करावे आणि मापे घेतानाच प्रत्येकाची पसंती लिहून घ्यावी. पूर्ण पँटला कापड जास्त लागते. दोन गणवेशांसाठी मिळणाऱ्या 600 रुपयांत ते बसत नाही, तेव्हा ही रक्कम वाढवावी.

एका बाबतीत आम्हाला अजिबात तडजोड नको आहे. कपड्यांवरून कोणत्याही विद्यार्थ्याला वर्गाबाहेर उभे करू नये, घरी पाठवू नये किंवा सर्वांसमोर बोलू नये. फाटका गणवेश, डोक्यावरचा स्कार्फ, पटका, कारण कोणतेही असो. शिक्षण हक्क कायद्याचे कलम 17 मुलांच्या मानसिक छळाला मनाई करते. कर्नाटकातील हिजाब प्रकरणात 13 ऑक्टोबर 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींची मते वेगळी पडली. मुंबईतील चेंबूरच्या महाविद्यालयाने हिजाब, टोपी यांवर घातलेल्या बंदीला त्याच न्यायालयाने 9 ऑगस्ट 2024 रोजी अंतरिम स्थगिती दिली. न्यायालयांत वाद चालू राहतील. तोवर एकाही मुलीचा तास बुडता कामा नये.

नवीन शैक्षणिक वर्षाची कापडखरेदी सुरू होण्यापूर्वी याबाबत शासन निर्णय काढावा आणि त्याआधी आमच्या विद्यार्थी प्रतिनिधींना भेटीची वेळ द्यावी, ही विनंती.

आपले विश्वासू,
पेठ तालुक्यातील पालक व विद्यार्थी

प्रत माहितीसाठी : मा. शिक्षणाधिकारी, जिल्हा परिषद, नाशिक