झोकांड्या

१९८४ साली मी जव्हारला बँकेत होतो. आमचा शिपाई मोखाड्याकडचा. फिटसाठी फेनिटॉइन नेमाने घेई. वर्षभर फिट आली नव्हती. मग क्षय निघाला, त्याच्या गोळ्या सुरू झाल्या आणि काही आठवड्यांत गडी झोकांड्या खाऊ लागला, जीभ जड झाली. साहेबांनी, म्हणजे मीच, दारू पिऊन आल्याबद्दल त्याला मेमो दिला. तो थेंबालाही शिवला नव्हता!

क्षयावरच्या आयसोनियाझिडने यकृतातला फेनिटॉइनचा निचरा मंदावतो. नेहमीचीच मात्रा अंगात साचते. रिफाम्पिसिन नेमके उलटे करते: निचरा वाढतो, फिट परतू शकते. फेनिटॉइन, कार्बामाझेपिन घेणाऱ्या बाईला गर्भनिरोधक गोळ्याही दगा देऊ शकतात. हे तिला कोण सांगणार?

माझ्या मते क्षयाची पहिली गोळी देण्याआधी, ‘घरात घेतोस त्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून आण,’ असे सांगणे सक्तीचे हवे. मात्रा बदलणे डॉक्टरांचे काम. आपल्या मनाने गोळी सोडणे धोक्याचे.

मेमो मी फाडला. पण तोवर त्याने फिटची गोळी टाकली होती, आणि चुलीपाशी पडून हात भाजला होता.