परीक्षेला बसलेल्यांचे पैसे परत करा

माननीय श्री. देवेंद्र फडणवीस,
मुख्यमंत्री, महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : सरळसेवा भरतीचं हजार रुपये परीक्षा शुल्क.

महोदय,

हे शुल्क कशासाठी, याचं उत्तर सरकारनं 2023 सालीच दिलं आहे. शुल्क अगदी कमी ठेवलं तर कुणीही फॉर्म भरतं. गांभीर्यानं अभ्यास करणारेच उमेदवार यावेत म्हणून एवढी रक्कम, असं तेव्हा सांगण्यात आलं. आपण त्या वेळी उपमुख्यमंत्री होतात. ते उत्तर मी तेव्हापासून डोक्यात ठेवलं आहे, कारण मी ज्या घरातून येतो तिथे ते लागू पडत नाही.

मी साताऱ्यात बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. गाव सांगली जिल्ह्यातल्या आटपाडी तालुक्यात. वडील दुसऱ्याच्या डाळिंबाच्या बागेत कामाला जातात. माझी ताई माझ्याआधी पदवीधर झाली आणि 2023 ला भरतीचे फॉर्म भरायला बसली. सरकारनं आदल्या वर्षी 75 हजार पदांची भरती जाहीर केलेली होती आणि जाहिराती एकामागोमाग निघत होत्या. जूनमध्ये वनरक्षक. जूनच्या शेवटी तलाठी. ऑगस्टमध्ये जिल्हा परिषदा, 19,460 पदं. ऑगस्ट संपता संपता आरोग्य विभाग, 10,949 पदं. नोव्हेंबरमध्ये जलसंपदा, 4,497 पदं. प्रत्येक ठिकाणी शुल्क तेच : खुल्या प्रवर्गाला 1,000 रुपये, राखीव प्रवर्गाला 900. पाच जाहिरातींचा एकेक फॉर्म भरायचा म्हटलं तरी खुल्या प्रवर्गाच्या दरानं पाच हजार रुपये झाले. त्या वर्षी महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला 273 रुपये होती. म्हणजे पाच फॉर्मसाठी अठरा दिवसांची मजुरी, तीही घरात त्या अठरा दिवसांत चूल पेटली नाही असं धरलं तर. शिवाय जिल्हा परिषदेत ग्रामसेवकाचा फॉर्म वेगळा, कनिष्ठ सहाय्यकाचा वेगळा, आणि दर फॉर्मला शुल्क वेगळं.

ताईनं तीन फॉर्म भरले आणि बाकीचे सोडून दिले. ती अभ्यासात गंभीर नव्हती म्हणून नव्हे. पैसे संपले म्हणून. तिच्याच अभ्यासिकेत बसणाऱ्या एका मुलानं भरता येतील तेवढे सगळे फॉर्म भरले. त्यानं पुस्तक फारसं उघडलं नव्हतं हे तो स्वतः सांगायचा. माझा त्याच्यावर राग नाही, त्याच्या वडिलांना परवडत होतं. पण साहेब, आपल्या चाळणीतून कोण खाली पडलं आणि कोण वर राहिलं ते बघा. हजार रुपयांनी अभ्यास मोजला जात नाही, घरातला पैसा मोजला जातो.

आता तलाठी भरतीचा हिशेब. पदं 4,644. अर्ज दहा लाखांहून अधिक. सगळेच राखीव प्रवर्गातले होते असं धरून प्रत्येकी 900 रुपयेच मोजले तरी 90 कोटी होतात. एका पदामागे एक लाख नव्वद हजारांहून जास्त. हा आकडा मी कमीत कमी धरलाय, खुल्या प्रवर्गाचे जादा शंभर त्यात नाहीत. एवढे पैसे जमा झालेल्या परीक्षेत 21 ऑगस्ट 2023 ला सर्व्हर बंद पडला आणि राज्यभर मुलं केंद्रांच्या दारात ताटकळली. निकाल लागला तेव्हा नॉर्मलायझेशन होऊन 200 गुणांच्या परीक्षेत 200 पेक्षा जास्त गुण दिसले. ते गणित शास्त्रीय असेल, मी त्यावर वाद घालत नाही. माझा मुद्दा त्याच परीक्षेच्या दुसऱ्या एका आकड्यात आहे : दहा लाखांतले साडेआठ लाखांहून अधिक उमेदवार प्रत्यक्ष परीक्षेला बसले. गांभीर्याचा पुरावा हवा होता ना? तो यांनी दिला. एसटीचं तिकीट काढून, ओळख ना पाळख अशा गावात रात्र काढून, हॉल तिकीट हातात धरून हे साडेआठ लाख लोक संगणकासमोर जाऊन बसले. प्रत्येकी 900 धरले तर यांचे साडेशहात्तर कोटी रुपये होतात. ते परत का दिले नाहीत?

हे अशक्य आहे असं म्हणू नका. रेल्वे हे करते. रेल्वे भरतीचं शुल्क 500 रुपये. पहिल्या परीक्षेला हजर राहिलात की बँकेचं शुल्क वजा करून 400 खात्यात परत. महिला, अनुसूचित जाती-जमाती, माजी सैनिक, दिव्यांग यांना 250 भरावे लागतात आणि हजर राहिल्यावर तेही बँकेचं शुल्क वजा करून परत मिळतात. नुसता फॉर्म भरून घरी बसणाऱ्याचे पैसे जातात, येणाऱ्याचे जात नाहीत. रेल्वेला जे जमतं ते मंत्रालयाला का जमू नये?

केंद्रीय लोकसेवा आयोग नागरी सेवेच्या पूर्वपरीक्षेला 100 रुपये घेतो. महिलांना, अनुसूचित जाती-जमातींना आणि दिव्यांगांना तेही नाहीत. कर्मचारी निवड आयोगाचंही तसंच. म्हणजे आटपाडीची मुलगी कलेक्टर व्हायची परीक्षा फुकट देऊ शकते, आणि तलाठी व्हायचं असेल तर तिनं 900 किंवा 1,000 रुपये मोजायचे. राजस्थाननं 2023 पासून एकदाच नोंदणी शुल्क घ्यायला सुरुवात केली, खुल्या प्रवर्गाला 600 आणि इतरांना 400. त्यानंतर दर परीक्षेला वेगळं शुल्क नाही. फॉर्म भरून गैरहजर राहणाऱ्यांसाठी त्यांनी पुढे दंड ठेवला. म्हणजे गांभीर्याची अट गरिबाच्या खिशाला हात न लावताही घालता येते.

फार लांब जायची गरजही नाही. आपलंच गृहखातं पोलीस भरतीला 450 आणि 350 रुपये घेतं, आणि त्यात मैदानी चाचणीही येते, लेखी परीक्षाही. आपलाच लोकसेवा आयोग अराजपत्रित सेवांच्या संयुक्त पूर्वपरीक्षेला 394 आणि 294 घेतो. मग सरळसेवेलाच हजार का? खासगी कंपन्यांना परीक्षा दिल्या म्हणून? तेही पटत नाही. जिल्हा परिषदांची परीक्षा घेणारी आयबीपीएस त्याच वर्षी बँकेतल्या क्लार्कच्या परीक्षेला अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवारांकडून 175 रुपये घेत होती. संस्था तीच, संगणकावरची परीक्षा तशीच, आणि महाराष्ट्र सरकारसाठी घेताना 900 रुपये. मधले 725 रुपये कशासाठी लागले, हे आम्हाला कुणीही सांगितलेलं नाही.

आणि 2024 ला तर समाजकल्याण आयुक्तालयानं 219 पदांसाठी आणि आदिवासी विकास विभागानं 611 पदांसाठी जाहिराती काढल्या. शुल्क तेच, 1,000 आणि 900. ज्या खात्यांचं कामच वंचितांना पुढे आणणं, त्या खात्यांनी दलित आणि आदिवासी उमेदवाराला सवलत दिली ती शंभर रुपयांची. हे वाचताना मला लाज वाटली. ज्यांनी सही केली त्यांना वाटली का?

त्याच वर्षी आपल्या सरकारनं आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींचं व्यावसायिक शिक्षण मोफत केलं. चांगला निर्णय होता, मी मनापासून म्हणतो. पण ती मुलगी शिकून बाहेर पडली की पहिल्याच अर्जाला तिच्याकडून हजार घ्यायचे, हे कुठलं धोरण? आमच्या आईच्या खात्यात महिन्याला लाडक्या बहिणीचे दीड हजार येतात. ताईनं एक फॉर्म भरला की त्यातले 900 परत सरकारकडे जातात. मग आईच्या हातात राहिलं काय, ते आपणच सांगा.

ज्यांनी 2019 च्या मार्चमध्ये जिल्हा परिषद भरतीचं शुल्क भरलं, त्यांची परीक्षा झालीच नाही. 2022 साली ती भरती रद्द झाली आणि पैसे परत मिळवण्यासाठी त्याच मुलांना पुन्हा ऑनलाइन माहिती भरत बसावं लागलं. सरकारकडे पैसे वर्षानुवर्षं पडून राहिले तर चालतं. आमचा फॉर्म भरायला एक दिवस उशीर झाला तर संकेतस्थळ बंद होतं. 2023 च्या ऑगस्टमध्ये ग्रामसेवकाचा फॉर्म भरलेल्यांची परीक्षा पुढच्या वर्षीच्या जूनमध्ये झाली. तेवढ्या काळात ताईचं लग्न ठरायची वेळ आली होती. ती अजून अभ्यास करतेय, पण आता घरातलं प्रत्येक माणूस तिला विचारतं, अजून किती?

माझं गाव सांगलीत आणि कॉलेज साताऱ्यात, पण सांगलीचा बराच भाग एकेकाळी साताऱ्यातच होता. 1949 ला दक्षिण सातारा वेगळा निघाला आणि 1960 ला त्याचं नाव सांगली झालं. याच मुलखात देवराष्ट्रे येतं, यशवंतराव चव्हाणांचं गाव. मुख्यमंत्री झाल्यावर त्यांनी कमी उत्पन्नाच्या घरांतल्या मुलांना ईबीसीची फी-सवलत दिली आणि शेतकऱ्यांच्या मुलांच्या शिक्षणाची वाट मोकळी झाली. माझ्या आजोबांच्या पिढीतले कित्येक जण त्या सवलतीवर शिकले. याच साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1947 साली छत्रपती शिवाजी कॉलेज काढलं आणि पोरं ‘कमवा आणि शिका’ म्हणत शेतात राबून पदवीधर झाली. फी नाही म्हणून दारातून परत पाठवायचं नाही, हे ज्या मातीत ठरलं तिथली पोरं आज शुल्काचा रकाना बघून फॉर्म बंद करतात. दर 25 नोव्हेंबरला कराडच्या प्रीतिसंगमावर सगळ्या पक्षांचे नेते यशवंतरावांना अभिवादन करायला येतात. त्यांच्यापैकी एकानं तरी विधिमंडळात परत जाऊन हा प्रश्न धसास लावावा, अशी माझी इच्छा आहे.

मी ऑनलाइन तक्रार केली होती. ती एका विभागातून दुसऱ्या विभागाकडे वर्ग झाली आणि काही दिवसांनी तिच्यापुढे ‘निकाली’ असं आलं. काय निकाल लागला ते लिहिलेलं नव्हतं. ई-मेलला उत्तर आलं नाही. म्हणून हे पत्र उघड लिहितो आहे.

परीक्षेला हजर राहिलेल्या प्रत्येक उमेदवाराचं शुल्क रेल्वेसारखं खात्यात परत जमा करा. महिला, अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घरातल्या उमेदवारांकडून शुल्क घेऊच नका. एकाच खात्याच्या एकाच भरतीत दर पदाला वेगळं शुल्क आकारणं बंद करा. आणि 2023 पासून कोणत्या भरतीत किती शुल्क जमा झालं, त्यातलं कंपन्यांना किती दिलं, तिजोरीत किती राहिलं, हे जाहीर करा. पैसे आमचे आहेत, हिशेब मागायचा अधिकारही आमचाच आहे.

माझी शेवटच्या वर्षाची परीक्षा या उन्हाळ्यात संपते. त्यानंतर सरळसेवेची जी पहिली जाहिरात निघेल, तीत हा बदल हवा. उत्तर लेखी द्या. तक्रार संबंधित विभागाकडे वर्ग केल्याचा संदेश आता नको.

आपला,
बी.कॉम. तृतीय वर्षाचा एक विद्यार्थी, सातारा
(मूळ रहिवासी : ता. आटपाडी, जि. सांगली)