खुर्ची उबवणारे मास्तर

जपानी शाळेत इंग्रजी शिकवायला निवडला गेलेला परदेशी तरुण तिथे पोहोचतो तो बहुधा जुलैच्या अखेरीस किंवा ऑगस्टच्या सुरुवातीला. नेमकी तेव्हाच तिथल्या शाळांना उन्हाळी सुट्टी लागलेली असते. वर्गांना कुलपं, झाडांवर सिकाडा किड्यांचा दिवसभर कर्कश गजर, आणि मैदानावर बेसबॉलच्या सरावाला आलेली पोरं. हा नवा मास्तर मात्र कागदोपत्री स्थानिक शिक्षण मंडळाचा नोकर. वर्ग भरोत न भरोत, सोमवार ते शुक्रवार हजेरी लावायची. मग मोठ्या उत्साहाने समुद्र ओलांडून आलेला हा माणूस पहिले काही आठवडे स्टाफरूममधल्या एका टेबलामागे बसून काढतो. पाठ्यपुस्तक चाळून होतं, ओळख करून देण्यासाठी आणलेले घरचे फोटो पुन्हापुन्हा लावून होतात, आणि घड्याळात अजून साडेदहाच वाजलेले असतात.

'जेट' या नावाने ओळखली जाणारी ही सरकारी योजना १९८७ साली सुरू झाली. पहिल्या वर्षी चार देशांमधून ८४८ जण आले. २००२ साली हा आकडा सहा हजारांच्या वर गेला होता आणि आजही तो पाच हजारांच्या पुढे आहे. दक्षिण कोरियाने १९९५ साली अशीच योजना काढली. तिथे हिवाळी सुट्टी डिसेंबरच्या अखेरीपासून लांबते आणि नवं शालेय वर्ष मार्चमध्ये सुरू होतं. मध्ये आठवडा-दोन आठवडे इंग्रजीची शिबिरं होतात. उरलेल्या दिवसांत परदेशी शिक्षकाने निर्मनुष्य शाळेत येऊन खुर्ची उबवायची, ही रीतच पडून गेली आहे. तिथल्या परदेशी शिक्षकांच्या गप्पांमध्ये पगार आणि जेवणाइतकाच हा विषय येतो.

बाहेरच्याला हे हास्यास्पद वाटेल. पगार वेळेवर, काम नाही, वर परदेश. तक्रार कसली? म्हणूनच तक्रार होत नाही. घरच्यांना फुजी पर्वताचे आणि चेरीच्या फुलांचे फोटो जातात. मंगळवारी दुपारी अडीच वाजता टेबलावरच्या पेन्सिली रांगेत लावल्याचा फोटो कोणी पाठवत नाही. पण या कंटाळ्याकडे आळशी माणसाची कुरकुर म्हणून पाहणं चूक आहे. तो व्यवस्थेने तयार केलेला आहे, आणि त्यावर सुचवले जाणारे बहुतेक उपाय रोगाला सोडून भलत्याच जागी मलम लावणारे आहेत.

जपानी वर्गात हा परदेशी शिक्षक 'सहायक' असतो. वर्गाची जबाबदारी, परीक्षा आणि गुण हे सगळं जपानी शिक्षकाकडे. त्या शिक्षकावर वरच्या शाळेच्या प्रवेशपरीक्षेचं ओझं असतं, त्याला व्याकरण संपवायचं असतं. त्यामुळे सहायकाच्या वाट्याला अनेकदा उरतं ते एवढंच: पुस्तकातला उतारा मोठ्याने वाचायचा आणि मुलांनी तो मागून म्हणायचा. या मंडळींनी स्वतःला 'मानवी टेप रेकॉर्डर' असं नाव दिलंय ते उगीच नाही. ज्याला चार-पाच शाळा फिरायच्या असतात त्याला तर मुलांची नावंही लक्षात राहत नाहीत. तो आला तर वर्गाला थोडी गंमत, नाही आला तर तास ठरल्याप्रमाणे पार पडतो. आपण नसलो तरी कोणाचं काही अडत नाही, हे रोज दिसत राहतं, आणि माणूस विटतो तो त्यानेच. गावात सिनेमाघर नाही, कॉफीचं दुकान नाही ही कारणं दुय्यम.

याच्या उलट टोकाचं उदाहरण इंग्रज समीक्षक विल्यम एम्प्सन याचं. १९३७ साली तो चीनमध्ये शिकवायला गेला तेव्हा जपानी आक्रमण सुरू झालं होतं. पेकिंगमधली विद्यापीठं पळ काढत दक्षिणेकडे निघाली होती, ग्रंथालयं मागे राहिली होती. नानयुए डोंगरावरच्या तात्पुरत्या विद्यापीठात त्याने इंग्रजी कविता आठवणीतून उतरवून शिकवल्या. ना पुस्तकं, ना धड निवारा. तरीही सकाळी आपण वर्गात पोहोचलो नाही तर आज कविताच होणार नाही, हे त्याला ठाऊक होतं. सुसज्ज स्टाफरूममध्ये वायफायच्या शेजारी बसून वैतागलेल्या सहायकाला नेमकं हेच मिळत नाही.

दुसरी गोम करारात आहे. नॉर्वेचा समाजशास्त्रज्ञ स्वेरे लिसगार्ड याने अमेरिकेत फुलब्राइट शिष्यवृत्तीवर राहून आलेल्या आपल्या देशबांधवांचा अभ्यास करून १९५५ साली एक निष्कर्ष मांडला. सहा महिन्यांच्या आत परतलेले आणि दीड वर्षाहून जास्त राहिलेले लोक परदेशात बऱ्यापैकी रुळलेले आढळले. सर्वांत अवघडलेले होते ते सहा ते अठरा महिने राहिलेले. पुढच्या संशोधकांनी या खाली जाऊन पुन्हा वर येणाऱ्या वक्ररेषेवर बरीच टीका केली आणि ती सगळ्यांना सरसकट लागू होत नाही हे खरंच. तरी शिक्षकांचे करार पाहिले की ती आठवल्याशिवाय राहत नाही. करार बहुधा एका वर्षाचा. नवलाई ओसरते सहाव्या महिन्याच्या आसपास. आणि 'पुढच्या वर्षी राहणार का?' हा कागद जपानमध्ये सहायकासमोर येतो तो ऐन हिवाळ्यात, जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास. गार कॉरिडॉर, लवकर मावळणारा दिवस, खोलीत केरोसीनचा स्टोव्ह. अशा वेळी माणसाला आयुष्याचा निर्णय विचारणं हा सरकारी वेळापत्रकाचा विनोदच म्हणायचा.

मग उपाय म्हणून फोन हातात येतो. भारतातून गेलेल्यांच्या बाबतीत यात एक खास पेच आहे. जपानचं घड्याळ आपल्या साडेतीन तास पुढे. पुण्यात रात्री साडेआठला आई जेवणं आटोपून व्हिडिओ कॉलवर येते तेव्हा तिकडे मध्यरात्र झालेली असते. गप्पा रंगतात, झोप उडते, आणि दुसऱ्या दिवशीचा मास्तर आणखी मरगळलेला. मनाने पुण्यात आणि देहाने शिमाने जिल्ह्यात राहणाऱ्याला दोन्हीकडे करमत नाही. फोन वाईट आहे असं नाही. रिकामं बसणं माणसाला मुळातच जड जातं. अमेरिकेत टिमोथी विल्सन आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांना पंधरा मिनिटं नुसतं विचार करत एकटं बसवलं. सोबत होतं फक्त स्वतःलाच विजेचा सौम्य झटका देणारं एक बटण. अठरापैकी बारा पुरुषांनी आणि चोवीसपैकी सहा बायकांनी ते दाबून पाहिलं. पंधरा मिनिटांत ही गत, तर आठ तासांत फोनकडे हात जाणारच.

याच शिमानेतल्या मात्सुए गावात १८९० साली एक मास्तर आला होता. लाफ्काडिओ हर्न. आई ग्रीक, बाप आयरिश, पोटापाण्यासाठी अमेरिकेत पत्रकारिता केलेला. मात्सुएतले त्याचे दिवस जपानप्रेमी मंडळी फार हौसेने सांगतात: जुना किल्ला, तळं, कोइझुमी सेत्सु या स्त्रीशी लग्न, तिने मोडक्यातोडक्या जपानीत त्याला सांगितलेल्या भुताखेतांच्या गोष्टी. गोष्टीचा पुढचा भाग मात्र कमी सांगितला जातो. मात्सुएचा हिवाळा सोसेना म्हणून १८९१ च्या नोव्हेंबरात तो दक्षिणेला कुमामोतोला गेला. शाळा मोठी, हुद्दा मोठा. आणि तिथे त्याचं मन अजिबात रमलं नाही. गाव त्याला रुक्ष वाटलं. १८७७ च्या सामुराई बंडात गावाचा बराच भाग जळून गेला होता. सहकाऱ्यांशी सूर जुळेना. बेसिल हॉल चेंबरलेन या विद्वान मित्राला लिहिलेल्या पत्रांमध्ये त्याची ही तगमग ठिकठिकाणी उमटली आहे.

माणूस तोच, काम तेच, देश तोच. बदललं होतं ते गाव आणि त्या गावातलं त्याचं स्थान.

कुमामोतोत तीन वर्षं हर्नने काय केलं? दोन तासांच्या मधल्या वेळात तो शाळेमागच्या टेकडीवर जाऊन बसे; तिथे जुनी स्मशानभूमी होती आणि एक दगडी बुद्धमूर्ती. त्या मूर्तीवर त्याने निबंध लिहिला. विद्यार्थ्यांचे इंग्रजी निबंध तो नुसते तपासत नसे. त्यातून मुलं काय विचार करतात हे टिपून ठेवी, आणि तेही पुढे १८९५ च्या पुस्तकात आलं. मात्सुएवरचं त्याचं गाजलेलं पुस्तक १८९४ मध्ये निघालं, त्याचं बरंचसं काम याच नावडत्या गावात झालं. आणि एवढं करूनही १८९४ साली त्याने शिक्षकी सोडली आणि कोबेला जाऊन वर्तमानपत्रात काम धरलं. हा शेवटचा भाग विसरू नये. कंटाळा प्रत्येक वेळी जिंकायचाच असतो असं नाही. कधीकधी सामान बांधणं हाच शहाणपणा असतो.

परदेशात शिकवता शिकवता लेखक झालेल्यांची यादी लांब आहे आणि ती वाचून उगाच हुरळून जाण्यात अर्थ नाही. जेम्स जॉइस १९०५ पासून त्रिएस्त शहरात बर्लिट्झ शाळेत इंग्रजी शिकवत होता. तिथली पद्धत अशी की जी भाषा शिकवायची त्याच भाषेत बोलायचं. म्हणजे दिवसभर हे टेबल, ते दार. पुढे त्याने खासगी शिकवण्या धरल्या आणि त्यात त्याला एत्तोरे श्मित्झ नावाचा रंगाच्या कारखान्यातला मध्यमवयीन विद्यार्थी मिळाला. या गृहस्थाने तरुणपणी दोन कादंबऱ्या छापल्या होत्या, त्या कोणी विचारल्या नाहीत. मास्तरने त्या वाचल्या, वाखाणल्या. 'इतालो स्वेवो' या नावाने श्मित्झने पुढे लिहिलेली कादंबरी इटालियन साहित्यात मानाची ठरली, आणि ज्यू समाजाच्या बारीकसारीक तपशिलांसाठी जॉइसही या विद्यार्थ्यालाच प्रश्न विचारत राहिला. शिकवणी दोन्ही दिशांनी चालू होती.

हीच गोष्ट पीटर हेसलरने जास्त पद्धतशीरपणे केली. अमेरिकेच्या पीस कोअर या स्वयंसेवक संस्थेतून तो १९९६ साली यांगत्से नदीकाठच्या फुलिंग गावात अध्यापक महाविद्यालयात इंग्रजी साहित्य शिकवायला गेला. त्या गावाने कित्येक दशकांत परदेशी माणूस पाहिला नव्हता. बाजारात गर्दी जमायची, लोक टक लावून बघायचे, हाका मारायचे. चारचौघांत गेलं तर हा ताप आणि खोलीत बसलं तर एकांत. त्याने स्थानिक शिक्षकांकडे चिनीची शिकवणी लावली. पुन्हापुन्हा त्याच खाणावळीत आणि त्याच चहाच्या दुकानात जाऊन बसायला लागला, इतका की लोकांना त्याचं नवल वाटेनासं झालं. वर्गात प्राध्यापक, शिकवणीत चुका करणारा विद्यार्थी, खाणावळीत नेहमीचं गिऱ्हाईक. त्याचं 'रिव्हर टाउन' हे २००१ चं पुस्तक याच बैठकांवर उभं आहे. इथे एक कबुली द्यायला हवी: त्याच्यासोबत पीस कोअरचाच आणखी एक तरुण होता. एकट्याने हे सगळं जमलं असतं का, शंकाच आहे.

मराठी माणसाला अशा उदाहरणासाठी हर्न-हेसलरपर्यंत जायची गरज नाही. वर्ध्याचे पांडुरंग सदाशिव खानखोजे. गदर चळवळीतले क्रांतिकारक, इंग्रजांच्या राज्यात परतणं अशक्य, म्हणून १९२४ च्या सुमारास मेक्सिकोत पोहोचले आणि चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात शिकवू लागले. भाषा स्पॅनिश, मुलूख अनोळखी, घर हजारो मैल दूर आणि दार बंद. कुढत बसायला याहून चांगलं कारण कोणाला मिळेल? खानखोजे मक्याच्या वाणांवर काम करत राहिले आणि वर्गाबाहेर पडून त्यांनी शेतकऱ्यांसाठी मुक्त कृषी शाळा काढल्या. चित्रकार दिएगो रिव्हेराच्या भित्तिचित्रात ते आहेत. छायाचित्रकार तिना मोदोत्तीने त्यांच्या मक्याचे फोटो काढले. वीणा गवाणकर यांनी त्यांचं चरित्र मराठीत आणलं आहे. परदेशी शिक्षकाला निघण्यापूर्वी दिल्या जाणाऱ्या माहितीपत्रकांपेक्षा ते वाचणं केव्हाही बरं.

आखातातल्या भारतीय शाळांमध्ये शिकवणाऱ्या मराठी शिक्षिकांची स्थिती निराळी. तिथे तास भरगच्च, वह्यांचे गठ्ठे घरी येतात. कंटाळा येतो तो शाळा सुटल्यावर: बसने फ्लॅटवर, बाहेर पंचेचाळीस अंशांचं ऊन, सुट्टीच्या दिवशी मॉल. महाराष्ट्र मंडळं आहेत, गणपती आहे, दिवाळी आहे. पण मंडळाच्या कार्यक्रमाला नटूनथटून जाऊन बसणारीला त्याचा उपयोग दोन तासांपुरता. एकांकिकेत काम घेतलेली, तालमीला उशिरा गेली तर पाच जण खोळंबतात अशी बाई तीच संध्याकाळ वेगळ्या चेहऱ्याने घालवते.

जपानी शाळांमध्येही ही वाट मोकळी आहे. सुट्टीत वर्ग बंद असले तरी केंदोचे, वाद्यवृंदाचे, बेसबॉलचे सराव चालू असतात. बरेच सहायक तिकडे जाऊन बसतात ते बघे म्हणून. तेरा वर्षांच्या पोराकडून केंदोची काठी धरायला शिकणारा मास्तर अधिक फायद्यात राहतो, कारण त्या तासभर पोराला त्याची गरज असते. स्टाफरूममध्ये वाचत बसण्याला मनाई नसते. जपानी अक्षरं गिरवण्याला तर नसतेच. मात्र सगळा भार त्या चोवीस वर्षांच्या पोरावर टाकून शिक्षण मंडळांनी नामानिराळं राहावं, हे पटत नाही. पगार देऊन माणसं बसवून ठेवायची आणि मग ती जपानीत दोन वाक्यं बोलत नाहीत म्हणून नाकं मुरडायची! सुट्टीतले ते आठवडे कामाचा भाग म्हणून भाषावर्गाला द्यावेत, एका सहायकाला पाच शाळांऐवजी दोन द्याव्यात, आणि निदान एका वर्गाचं एखादं काम, भित्तिपत्रक असो वा वक्तृत्व स्पर्धेची तयारी, पूर्णपणे त्याच्यावर सोपवावं. यासाठी नवा कायदा लागत नाही, मंडळाची आणि मुख्याध्यापकाची इच्छा पुरते.

पुण्यात जपानी शिकणाऱ्यांची संख्या मोठी आहे, आणि शिक्षक म्हणून कुठल्या ना कुठल्या देशात जाण्याची स्वप्नं इथे बरेच जण पाहतात. मुलाखतीच्या शेवटी 'तुम्हाला काही विचारायचं आहे का?' असं पलीकडून येतं तेव्हा बहुतेक जण घरभाडं आणि विमानाच्या तिकिटाचं विचारतात. त्यात तीन प्रश्न आणखी घालावेत. सुट्टीत शाळेत येऊन मी काय करायचं? आठवड्यात एकाच वर्गाला किती वेळा भेटेन? माझ्याआधी या जागेवर असलेल्या शिक्षकाशी बोलता येईल का? तिसऱ्या प्रश्नाला टाळाटाळ झाली, तर तिकिटाची घाई करू नये.