यथार्ह दंड

जुन्नर तालुक्यात कुकडी नदीच्या काठी ओझर वसलेले आहे. अष्टविनायकांपैकी तेथील विघ्नहराची कथा आपल्या घराघरांत सांगितली जाते. अभिनंदन राजाच्या यज्ञात विघ्न आणण्यासाठी आलेला विघ्नासुर तेवढ्यावर थांबला नाही. त्याने अवघ्या पृथ्वीवरील सत्कर्मे बंद पाडली. ऋषिमुनींच्या प्रार्थनेवरून गजाननाने त्याचा पराभव केला. असुर शरण आला तेव्हा देवाने त्याचा वध केला नाही, तसेच त्याला मोकळेही सोडले नाही. जेथे आपले पूजन-कीर्तन चालते तेथे त्याने पाऊल ठेवू नये, असे बंधन त्याच्यावर घातले आणि त्याचे नाव आपल्या नावाआधी धारण केले. ही कथा श्रद्धेची आहे, परंतु तिच्यात दंडविचाराचे एक सूत्र आहे. दंड अपराधाला साजेसा असावा, समाजाचे रक्षण करणारा असावा आणि शरण आलेल्यासाठी त्यात एक दार उघडे असावे. आज आपल्या न्यायालयांत गंभीर गुन्ह्याची शिक्षा ठरते तेव्हा या तीन गोष्टींचा मेळ कितपत बसतो, याचा विचार प्रत्येक सुजाण नागरिकाने केला पाहिजे.

उदाहरण आपल्याच प्रांतातले आणि आपल्याच आराध्यदैवताचे घेऊ. रायगड जिल्ह्यातील दिवेआगर येथे १९९७ साली जमिनीतून सुवर्णगणेश प्रकट झाला आणि अवघ्या महाराष्ट्राचे ते श्रद्धास्थान झाले. मार्च २०१२ मध्ये दरोडेखोरांनी रात्री मंदिरात शिरून दोन रखवालदारांची हत्या केली आणि सुवर्णप्रतिमा पळविली. पुढे ती वितळविली गेल्याचे उघड झाले. हा खटला महाराष्ट्र संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायद्याखाली, म्हणजे मोक्काखाली चालला. ऑक्टोबर २०१७ मध्ये अलिबागच्या विशेष न्यायालयाने निकाल दिला. पाच जणांना जन्मठेप झाली, तर अन्य दोषींना त्यांच्या सहभागानुसार कमी मुदतीची कैद झाली. नोव्हेंबर २०२१ मध्ये श्रींच्या सुवर्ण मुखवट्याची पुनर्स्थापना झाली. निकालानंतर अनेक भाविकांच्या मनात एकच प्रश्न होता. गुन्हा एक, मूर्ती एक, मग शिक्षा वेगवेगळ्या का? हा प्रश्न रागाचा असला तरी त्याचे उत्तर शांतपणे समजून घेणे आवश्यक आहे.

आपल्या कायद्यात बहुतेक गुन्ह्यांना शिक्षेचा नेमका आकडा दिलेला नसतो. दिलेली असते ती मर्यादा. मेकॉलेच्या अध्यक्षतेखालील विधी आयोगाने १८३७ साली मसुदा केला, १८६० साली त्याचा कायदा झाला आणि १ जानेवारी १८६२ पासून भारतीय दंड विधान लागू झाले. त्याची रचना बहुतांशी कमाल मर्यादेची होती. साध्या चोरीला तीन वर्षांपर्यंत, फसवणुकीला सात वर्षांपर्यंत, जबरी चोरीला दहा वर्षांपर्यंत आणि हीच जबरी चोरी सूर्यास्त ते सूर्योदय या काळात हमरस्त्यावर झाली तर चौदा वर्षांपर्यंत कैद. एक दिवसाच्या कैदेपासून त्या कमाल मर्यादेपर्यंतचा सारा प्रदेश न्यायाधीशाच्या विवेकाकडे सोपविलेला होता. १ जुलै २०२४ पासून या विधानाची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. ५११ कलमांच्या जागी ३५८ कलमे आली, परंतु मर्यादा सांगून मधला प्रदेश मोकळा सोडण्याची मूळ पद्धत कायम राहिली.

या प्रदेशाला काही ठिकाणी खालूनही कुंपण घातलेले आहे. मोक्काखाली संघटित गुन्ह्यात मृत्यू घडला तर फाशी किंवा जन्मठेप याशिवाय तिसरा पर्याय नाही; अन्य प्रसंगी किमान पाच वर्षे ते जन्मठेप अशी कक्षा आहे. दरोड्यात खून झाल्यास जुन्या विधानात फाशी, जन्मठेप किंवा दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी असे पर्याय होते. नव्या संहितेत तेच दहा वर्षे किमान झाले आहेत. म्हणजे जो आकडा छत होता तो आता जमीन झाला. एका शब्दाच्या बदलाने शिक्षेचा अर्थ किती पालटतो, याचे हे बोलके उदाहरण आहे.

किमान शिक्षा बहुधा समाजाच्या संतापातून जन्माला येते. विदर्भातील देसाईगंज पोलीस ठाण्यात १९७२ साली एका आदिवासी मुलीवर झालेल्या अत्याचाराच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली दोघा पोलिसांना निर्दोष ठरविले. त्यावरून देशभर जे आंदोलन उठले त्याच्या परिणामी १९८३ साली कायदा बदलला आणि बलात्काराला किमान सात वर्षांची शिक्षा आली. मात्र विशेष कारणे नोंदवून त्याखाली जाण्याची मुभा न्यायालयाला होती. दिल्लीतील डिसेंबर २०१२ च्या घटनेनंतर २०१३ साली ती मुभा काढण्यात आली आणि २०१८ साली किमान मर्यादा दहा वर्षे झाली. संताप न्याय्य होता, सुधारणाही आवश्यक होती. परंतु प्रत्येक भीषण घटनेनंतर एक कलम कठोर करावयाचे आणि शेजारचे कलम तसेच ठेवावयाचे, अशा रीतीने संपूर्ण दंडव्यवस्थेचे प्रमाण राखले जात नाही.

कागदावरील मर्यादेइतकीच महत्त्वाची असते ती न्यायासनाची मर्यादा. नव्या संहितेच्या कलम ३०५ मध्ये पूजास्थानातील मूर्तीच्या चोरीचा स्वतंत्र उल्लेख आला आहे आणि तिला सात वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे. हे स्वागतार्ह आहे. आपल्या गावोगावच्या देवळांतील पंचधातूच्या मूर्ती आणि मुखवटे हे केवळ धातूचे तुकडे नव्हेत, हे कायद्याने प्रथमच इतक्या स्पष्टपणे मान्य केले. परंतु हा गुन्हा कोणत्याही न्यायदंडाधिकाऱ्यापुढे चालू शकतो आणि प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याला तीन वर्षांपेक्षा अधिक कैद देण्याचा अधिकारच नाही. सात वर्षांपर्यंतचा अधिकार मुख्य न्यायदंडाधिकाऱ्याला आहे. खालच्या न्यायालयाला अधिक कठोर शिक्षा योग्य वाटली तर प्रकरण वर पाठविण्याची तरतूद आहे; ती वापरली गेली नाही तर सात वर्षांचे कलम व्यवहारात तीन वर्षांचे होऊन बसते. ओझर-लेण्याद्रीपासून एखाद्या लहानशा वाडीतील ग्रामदैवतापर्यंत सर्व देवस्थानांच्या विश्वस्तांनी ही बाब ध्यानात ठेवावी.

कैद एकामागून एक भोगावयाची की एकाच वेळी, यावरही सारे अवलंबून असते. स्वातंत्र्यवीर सावरकरांना परकीय सत्तेने दोन जन्मठेपा दिल्या आणि त्या एकामागून एक भोगावयाच्या, म्हणजे पन्नास वर्षे काळे पाणी, असे फर्मावले. न्यायाची कक्षा सूडासाठी कशी ताणली जाते, हे महाराष्ट्राने तेव्हा पाहिले. आज सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१६ साली स्पष्ट केले आहे की, माणसाला आयुष्य एकच असल्याने अनेक जन्मठेपा एकत्रच चालतील. जन्मठेप म्हणजे चौदा वर्षे, हा सार्वत्रिक समजही चुकीचा आहे. जन्मठेप म्हणजे उरलेले संपूर्ण आयुष्य, हे न्यायालयाने १९६१ सालीच सांगितले आहे. ज्या गुन्ह्याला फाशीही होऊ शकली असती त्यातील जन्मठेपेच्या कैद्याला चौदा वर्षे प्रत्यक्ष भोगल्याखेरीज सूट देता येत नाही, एवढाच त्या आकड्याचा अर्थ. त्यापुढे सोडावयाचे की नाही, हे शासन ठरविते.

मग मधल्या मोकळ्या प्रदेशात न्यायाधीशाने आकडा ठरवावा तो कसा? १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने दोषसिद्धीनंतर शिक्षेच्या प्रश्नावर आरोपीचे म्हणणे ऐकणे बंधनकारक केले. १९८० साली बचनसिंग खटल्यात फाशीसाठी दुर्मीळातील दुर्मीळ प्रकरणाचा निकष आला. गुन्ह्याची क्रूरता एका पारड्यात आणि गुन्हेगाराचे वय, परिस्थिती, सुधारण्याची शक्यता दुसऱ्या पारड्यात घालावी, अशी ही दृष्टी आहे. परंतु फाशीखेरीज जी हजारो प्रकरणे रोज निकाली निघतात त्यांच्यासाठी तराजू कोणता, याचे लेखी उत्तर आपल्याकडे नाही. अनेकदा दोषसिद्धीनंतर शिक्षेवरील सुनावणी काही मिनिटांत उरकते. एकाच प्रकारच्या गुन्ह्यात एका न्यायालयात दोन वर्षे आणि दुसऱ्यात सहा वर्षे असा फरक पडतो, त्याचे कारण निकालपत्रात सापडेलच असे नाही. ज्याचे घर लुटले गेले त्यालाही ते कळत नाही आणि जो तुरुंगात जातो त्यालाही कळत नाही. न्यायावरील विश्वासाला येथेच तडा जातो.

न्यायमूर्ती मळीमठ समितीने २००३ साली शिक्षेसाठी मार्गदर्शक तत्त्वे तयार करणारी वैधानिक समिती नेमण्याची शिफारस केली होती. पुढे माधव मेनन समितीनेही त्याच दिशेने मत दिले. मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केंद्र शासनाला शिक्षाविषयक सर्वंकष धोरणाचा विचार करण्यास सांगितले. दोन दशकांहून अधिक काळ हा विषय अहवालांतच फिरत राहिला, हे भूषणावह नाही. वसाहतकालीन कायदे बदलण्याचे धैर्य ज्या देशाने दाखविले त्याने हे उरलेले कामही हाती घेतले पाहिजे.

इतर देशांचे अनुभव समोर आहेत. अमेरिकेने १९८४ साली कायदा करून आयोग नेमला आणि १९८७ पासून एक कोष्टकच अमलात आणले. गुन्ह्याच्या गंभीरतेच्या ४३ पायऱ्या, पूर्वेतिहासाचे सहा वर्ग आणि ज्या चौकटीत दोन्ही मिळतील तेथे लिहिलेले महिने. न्यायाधीशाचे हात त्यामुळे इतके बांधले गेले की २००५ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने हे कोष्टक बंधनकारक न मानता सल्लागार ठरविले. इंग्लंडने २०१० पासून शिक्षा परिषद स्थापून मधला मार्ग धरला. हानी किती आणि दोषाची तीव्रता किती, हे प्रथम ठरवावयाचे. त्यावरून आरंभबिंदू आणि कक्षा मिळते. मग गंभीर करणारी व सौम्य करणारी कारणे पाहून त्या कक्षेत आकडा निश्चित करावयाचा. कक्षेबाहेर जायचे तर कारण द्यावयाचे.

ही कल्पना परकीय आहे असे मात्र कोणी समजू नये. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात साहसदंडाच्या तीन कक्षा सांगितल्या आहेत. पूर्व साहसदंड ४८ ते ९६ पण, मध्यम २०० ते ५०० पण आणि उत्तम ५०० ते १००० पण. प्रथम कक्षा आणि मग कक्षेच्या आत अपराधानुरूप निर्णय, ही पद्धत आपल्या राजनीतीला अपरिचित नव्हती. कठोर दंडाने प्रजा उद्विग्न होते, सौम्य दंडाने राजा तिरस्कारास पात्र होतो आणि यथार्ह दंड देणाराच पूज्य ठरतो, हा कौटिल्याचा विवेक आजही शिरोधार्य आहे. आपल्या स्मृतिग्रंथांत वर्णानुसार दंडाचे भेद आढळतात, तो भाग मात्र कालबाह्य झाला असून समतेच्या घटनादत्त तत्त्वापुढे त्याला स्थान नाही. परंपरेतील विवेक घ्यावा आणि विषमता टाकावी, हीच समाजधारणेची रीत होय.

म्हणून आग्रह धरावयाचा तो केवळ कठोरतेचा नव्हे. शिक्षेची कक्षा सांगणारी स्थायी वैधानिक परिषद असावी. तिच्यात न्यायाधीशांबरोबर कारागृह प्रशासन, पोलीस आणि पीडितांचा अनुभव असलेली माणसे असावीत. आरंभबिंदूपासून दूर जाणाऱ्या प्रत्येक निकालात कारण लिहिले जावे. शिक्षेवरील सुनावणी उपचार न राहता तीत गुन्हेगाराची पार्श्वभूमी आणि पीडिताची हानी या दोहोंचे अहवाल यावेत. प्रथमच चुकलेल्या तरुणाला सावरण्याची आणि सराईताला रोखण्याची वाट वेगळी असावी. नव्या संहितेने पाच हजार रुपयांहून कमी किमतीच्या पहिल्या चोरीत वस्तू परत केल्यास सामुदायिक सेवा आणि पुन्हा चोरी केल्यास किमान एक वर्ष ते पाच वर्षे सक्तमजुरी सांगितली आहे. हा भेद योग्य आहे. तोच विचार गंभीर गुन्ह्यांपर्यंत नेला पाहिजे.

अखेरीस एक गोष्ट आपली स्वतःची. शिक्षा किती, हा प्रश्न दोष सिद्ध झाल्यानंतरचा आहे. गावात चोरी झाली तर पंच म्हणून सही करावयास माणूस मिळत नाही, मिळालाच तर तारखेला न्यायालयात येत नाही आणि आला तर दडपणाखाली शब्द फिरवितो. अशा वेळी कलमात सात वर्षे असोत की चौदा, ती कोणालाच लागत नाहीत. फाशीची घोषणा देणे सोपे असते. साक्षीच्या पिंजऱ्यात उभे राहून खरे सांगणे कठीण असते. संघटित आणि निर्भय समाज हाच न्यायव्यवस्थेचा खरा आधार होय. ज्या गावातील सज्जन साक्षीला उभे राहतात त्या गावातील दुर्जनाला कायद्याची जरब आपोआप बसते. कायदेमंडळाने कक्षा आखाव्यात, न्यायाधीशाने विवेकाने आकडा ठरवावा आणि समाजाने सत्य त्यांच्यापर्यंत पोहोचवावे. या तिन्ही कर्तव्यांचे पालन झाले तरच दंड यथार्ह होईल.