मूर्ती मायदेशी परतल्या, नोंदी कोण जपणार?

लंडनमधील भारतीय उच्चायुक्तालयाकडे सप्टेंबर २०२० मध्ये राम, लक्ष्मण आणि सीता यांच्या तीन कांस्यमूर्ती सुपूर्द करण्यात आल्या. तमिळनाडूतील आनंदमंगलम येथील राजगोपालस्वामी मंदिरातून १९७८ मध्ये त्या चोरीस गेल्या होत्या. पुदुच्चेरीच्या फ्रेंच संस्थेच्या संग्रहात असलेल्या १९५८ मधील छायाचित्रांमुळे त्यांची ओळख पटली. छायाचित्र, ठिकाण आणि वर्ष एवढी साधी नोंद जपलेली नसती, तर या मूर्तींवरील भारताचा हक्क सिद्ध करणे कठीण झाले असते.

परदेशातून परतलेल्या पुरावस्तूंचे आपल्याकडे मोठे स्वागत होते. मात्र देशातल्या देशात त्या सुरक्षित राखण्याचे काम ज्यांच्या हाती असते, त्या वस्तुसंग्रहालयांतील कनिष्ठ तंत्रसहायकांची फारशी चर्चा होत नाही.

चेन्नईचे एगमोर येथील शासकीय वस्तुसंग्रहालय या दृष्टीने अभ्यासण्याजोगे आहे. १८५१ मध्ये स्थापन झालेले हे संग्रहालय देशातील सर्वांत जुन्या संग्रहालयांपैकी एक असून, चोळकालीन कांस्यमूर्ती आणि अमरावतीची शिल्पे यांसाठी ते विख्यात आहे. मूर्तींना लागणारी कीड हा येथील जुना प्रश्न. तांब्याच्या मिश्रधातूत क्षार मुरलेले असले आणि हवेत दमटपणा असला, की मूर्तीवर फिकट हिरव्या भुकटीचे ठिपके उमटतात. या प्रक्रियेत तयार होणारे आम्ल पुन्हा धातूच खाऊ लागते. याला कांस्यरोग म्हणतात. जमिनीत शेकडो वर्षे पुरलेल्या मूर्तींना, त्यातही समुद्रकाठच्या शहरात, त्याचा धोका अधिक. यावर उपाय शोधण्यासाठी १९३० च्या दशकात या संग्रहालयाच्या प्रयोगशाळेत डॉ. एस. परमशिवन यांनी विद्युतप्रवाहाच्या साहाय्याने मूर्तींवरील क्षार काढण्याच्या पद्धतीवर मोलाचे काम केले.

तथापि, उपचार करणारा रसायनतज्ज्ञ प्रत्येक मूर्तीपाशी रोज उभा राहू शकत नाही. पहिला हिरवा ठिपका नजरेस पडतो तो मऊ कुंचल्याने धूळ झाडणाऱ्या तंत्रसहायकाच्या. कपाटातील आर्द्रता मोजणे, ओलावा शोषणारे खडे वेळेवर बदलणे, हातमोजे घालून आणि मूर्ती हाताला किंवा प्रभावळीला न धरता तळाशी आधार देऊन उचलणे, ही कामे वरकरणी किरकोळ वाटतात. पण नटराजाच्या प्रभावळीची एक ज्वाला तुटली, तर ती पूर्ववत होत नाही. हजार वर्षे टिकलेली वस्तू क्षणभराच्या निष्काळजीपणाने कायमची उणी होते.

याच कर्मचाऱ्याचे दुसरे काम नोंदीचे. वस्तू दाखल झाली की तिची मोजमापे घेणे, सर्व बाजूंनी छायाचित्रे काढणे, सहसा न दिसणाऱ्या जागी दाखल क्रमांक घालणे, जुन्या भेगा आणि डाग टिपून ठेवणे आणि वस्तू जागेवरून हलली की तशी नोंद करणे, हे सर्व त्यात येते. ही नोंद नसेल तर वस्तू हरवल्याचेही लक्षात येत नाही. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधून सुमारे दोन हजार वस्तू गहाळ झाल्याचे, चोरीस गेल्याचे किंवा त्यांची हानी झाल्याचे २०२३ मध्ये उघड झाले. त्यांपैकी अनेकांची पुरेशी नोंदच नव्हती. त्यानंतर त्या संस्थेने पाच वर्षांत संपूर्ण संग्रहाची संगणकीय नोंद पूर्ण करण्याचे जाहीर केले.

भारतातही हा प्रश्न नवा नाही. नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०१३ च्या अहवालात संग्रहालयांमधील पुरावस्तूंच्या नोंदी आणि प्रत्यक्ष पडताळणीतील उणिवांवर बोट ठेवले होते. पुण्याच्या सी-डॅकने विकसित केलेल्या ‘जतन’ या संगणकप्रणालीमुळे संग्रहांची माहिती एकत्र आणण्याचे साधन उपलब्ध झाले आहे. परंतु प्रणालीत भरली जाणारी माहिती अखेर मूर्तीसमोर उभे राहून मोजमाप घेणाऱ्या माणसाइतकीच अचूक असते. क्रमांक चुकला, तर संगणक ती चूक केवळ अधिक वेगाने पसरवतो.

नव्या दालनांच्या इमारती आणि रोषणाई यांवरील खर्च लोकांच्या नजरेत भरतो. कनिष्ठ पदांवरील भरती आणि प्रशिक्षण यांवरील खर्च तसा दिसत नाही. पण वस्तू, तिचा क्रमांक आणि तिचा इतिहास यांची सांगड वर्षानुवर्षे त्याच दालनात वावरणाऱ्या कर्मचाऱ्याच्या ध्यानात पक्की बसते. माणसे वारंवार बदलली, की ही माहिती त्यांच्याबरोबरच निघून जाते. म्हणूनच संग्रहालयांच्या धोरणाचा विचार करताना या पदांकडे केवळ साफसफाईची कामे म्हणून पाहणे परवडणारे नाही. आनंदमंगलमच्या मूर्तींना गावाची वाट दाखवली ती सहा दशकांपूर्वीच्या छायाचित्रांनी. पुढील सहा दशकांसाठीची छायाचित्रे आज काढावी लागतील, आणि ती नीट ठेवणारी माणसेही आजच नेमावी लागतील.